कट कोण म्हणणार

सिग्नल हिरवा झाला, माझ्या डाव्या-उजव्या अंगाला घासून माणसं रस्त्यात उतरली, पलीकडे गेली, आणि मी फुटपाथच्या कडेला उभाच. पाय धड होते, डोळ्यांना दिवा दिसत होता, तरी उभाच. मागून एक बाई आल्या, दोन्ही हातांत पिशव्या, म्हणाल्या, "अहो, चला की! आता पत्रिका छापून बोलवायचं का तुम्हाला?" मी "हो हो" म्हणालो आणि तरी हललो नाही, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं मी कशासाठी थांबलोय ते. कुणीतरी 'ॲक्शन' म्हणायची वाट बघत होतो मी. भर सकाळी, भर चौकात, पन्नाशी उलटलेला बाप्या. दिवा परत लाल झाला. बाई पलीकडे पोचल्या, वळून बघितलं, मान हलवली आणि गेल्या. एरवी मी स्वतःवरच हसलो असतो, पण आज हसण्यासारखा दिवस नव्हता. माझ्या सिनेमाचा आज शेवटचा दिवस. एकच सीन राहिलेला, आणि तो मी घेणार होतो. मी म्हणजे डायरेक्टर. ज्याला रस्ता ओलांडायलासुद्धा दुसऱ्यानं सांगावं लागतं, तो.

तसं बघितलं तर माझा जन्म दुसऱ्याच्या तोंडाकडे बघण्यात गेला. त्यात लाजायचं काही नाही, नटाचं कामच ते. आणि मी काही मोठ्या सिनेमांचा नट नव्हे. ते काळ्या काचांच्या गाडीतून उतरतात. मी बसमधून उतरायचो, आणि पुष्कळदा चुकीच्या थांब्यावर. आमचे सिनेमे म्हणजे चार-पाच येडे एकत्र येतात, एकाकडे कॅमेरा असतो, दुसऱ्याकडे रिकामं घर, तिसऱ्याच्या बायकोला अजून या सगळ्याचा पुरता वीट आलेला नसतो म्हणून ती सगळ्यांना जेवू घालते. वर्ष-दीड वर्ष रखडत सिनेमा होतो, आणि मग कुठल्यातरी वाचनालयाच्या हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या मांडून दाखवतात. अशा सिनेमांत शेवटाला कुणीतरी मरतंच. का मरतं ते मला अजून कळलेलं नाही, पण मरतं. आणि मरायला मी. लाईनीत मला 'मयत' म्हणतात. प्रेमानं म्हणतात. "मयत आलं का?" "मयताला चहा द्या रे आधी." एकदा एका नव्या पोरीनं मला अदबीनं 'मयत सर' म्हटलं होतं, तेव्हा सगळा सेट लोळला.

हे नाव पडलं पहिल्या सिनेमात. तेव्हा मी घरं रंगवायचो. एका जुन्या कारखान्याची भिंत रंगवायला म्हणून गेलो, तर तिथं शूटिंग चाललेलं. ते डायरेक्टर, त्यांना सगळे मास्तर म्हणायचे, त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. लांब शिडीवर होतो मी, हातात ब्रश. "ए, खाली ये. मरता येतं का?" मी म्हटलं, "अजून प्रयत्न केला नाही." तिथं जमिनीवर पडायचं होतं, मशीनजवळ. मास्तरांनी एकच गोष्ट सांगितली, "मी कट म्हणेपर्यंत तू मेलेला आहेस. मुंगी चावली तरी मेलेला. मी पळून गेलो तरी मेलेला." मग मी मेलो. फरशी गार होती, तेलाचा वास होता, वर छताच्या पत्र्याला एक भोक होतं आणि त्यातून उजेडाची काडी माझ्या छातीवर पडलेली. श्वास इतका बारीक केला की मलाच तो ऐकू येईना. आवाज कमी झाले. पावलं गेली. लांब कुठेतरी कपबशा वाजल्या. मला वाटलं, वा, काय सीन आहे, सगळं जग आपल्याला सोडून चहाला गेलंय. तर खरंच चहाला गेले होते. मास्तरांनी हातानं कट केला होता, तोंडानं नाही, आणि माझे डोळे मिटलेले. चहा पिऊन सगळे परत आले तर मी तिथंच, मेलेला. उजेडाची काडी छातीवरून खांद्यावर सरकलेली. कुणी हसलं नाही. मास्तर माझ्या शेजारी उकिडवे बसले, माझ्या कानाशी तोंड आणून हळूच म्हणाले, "कट, बाळा." मी डोळे उघडले तर त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी. त्या दिवसापासून मी मास्तरांचा नट झालो, मग इतरांचाही, आणि भिंती रंगवायचं सुटलं. माझ्या अख्ख्या धंद्याचं भांडवल एवढंच की मी सांगितल्याशिवाय उठत नाही.

आता अशा माणसानं डायरेक्टर व्हावं का? मास्तर गेले, त्यांच्या मागे बाकीचे पांगले, मरायची कामं पोरांना मिळायला लागली, आणि माझ्या डोक्यात एकच चित्र घोळत राहिलं. एक खोली. एक बाई इस्त्री करतेय. बस, एवढंच. बाई माझी ताई. आई आम्हाला फार लवकर सोडून गेली, बाप असून नसल्यासारखा, मला वाढवलं ते ताईनं. दिवसभर चपलांच्या दुकानात लोकांच्या पायाशी बसायची, संध्याकाळी घरी येऊन इस्त्रीचं टेबल उघडायची, आणि मी समोर उभा राहून माझी वाक्यं म्हणायचो. समोरच्या पात्राची वाक्यं ताई वाचायची. कागद टेबलाच्या कोपऱ्यावर, डोळा कागदावर, हात शर्टावर. पोलीस असो, सावकार असो, माझी प्रेयसी असो, ताई सगळं एकाच सुरात वाचायची, दुकानात मापं सांगितल्यासारखं. "माझं तुझ्यावर जिवापाड प्रेम आहे. पुढे काय म्हणतोस तू?" मी म्हणायचो, "ताई, जरा भाव दे ना त्याला." ती म्हणायची, "भाव तू दे. मला कॉलर सांभाळू दे."

पहिला सिनेमा बघायला ती आली होती. पहिल्या रांगेत बसली, नवीन बूट घालून, मांडीवर पर्स. मी पडद्यावर दिसलो तेव्हा तिनं शेजारच्या अनोळखी माणसाला कोपर मारलं, "आमचा आहे." आणि मग मी मेलो. ती उठली. रडली नाही, बोलली नाही, पडद्याच्या उजेडात वाकून सगळ्यांच्या गुडघ्यांना धडकत बाहेर गेली. मी घरी आलो तर इस्त्री करत होती. टेबलावर एकही कपडा नव्हता, नुसत्या चादरीवरून इस्त्री फिरत होती. मला जवळ बोलावलं आणि माझा कान धरून असा पिळला की अजून आठवला तर दुखतो. "परत मेलास तर घरात घेणार नाही." झालं. त्यानंतर तिनं माझा एकही सिनेमा बघितला नाही. वाक्यं मात्र प्रत्येक सिनेमाची वाचली. फक्त शेवटचं पान आलं, माझ्या मरणाचा वास लागला की कागद उलटा घालायची. "बस्स. जेव आता." कधी चुकली नाही. मला कळायचं नाही हिला न वाचता कसं कळतं पुढे काय आहे. माझ्या आवाजात येत असेल काहीतरी. त्यामुळे मी इतक्यांदा मेलो, पण घरात एकदाही नाही. सगळी मरणं मी सेटवर जाऊन तालमीशिवाय मेलो.

तर तो सिनेमा. एक बहीण, तिचा भाऊ लांब कामाला गेलेला, येतो म्हणतो आणि येत नाही. शेवटी फोन येतो. फोनवर काय सांगितलं ते आपल्याला ऐकू येत नाही. ती फोन ठेवते आणि त्याचा शर्ट इस्त्री करते. संपलं. बहिणीच्या कामाला मी चांगली नटी घेतली, नाटकातली, बाई गुणी. पहिल्याच दिवशी तिनं खिडकीशी उभं राहण्याचा सीन केला आणि मी बघत राहिलो. छान उभी होती. मग थोडी हलली. मग गजाला हात लावला. मग काढला. मग तिनं डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघितलं. मीही बघत होतो. कॅमेरामन, दाढीवाला, मास्तरांच्या वेळचा, कॅमेऱ्यामागून म्हणाला, "मयत, कुणाची वाट बघतोयस? मास्तर वरून सांगतील काय?" तेव्हा मला कळलं की कट मी म्हणायचाय. पण कळलं म्हणून तोंडातून येतंय थोडंच! दुसऱ्या सीनलाही तेच, तिसऱ्यालाही तेच. घशाशी यायचं आणि तिथंच अडायचं, जणू ते म्हणायचा हक्क दुसऱ्या कुणाचा आहे आणि तो माणूस खोलीत कुठेतरी आहे. शेवटी माझी सहाय्यक, बारीक चणीची म्हणून तिला सगळे चिमणी म्हणतात, तिनं युक्ती काढली. ती माझ्याकडे बघत बसायची. माझा खांदा सैल पडला की तीच ओरडायची, "कट!" अख्खा सिनेमा असा झाला. दाढीवाला म्हणायचा, "नावं लिहिताना डायरेक्टर म्हणून मयताचा खांदा लिहा."

आणि शेवटच्या सीनच्या आदल्या दिवशी नटी जिन्यावरून घसरली. घोटा मोडला. बसता येईल, उभं राहता येणार नाही. दाढीवाल्याला उद्या पहाटे परदेशात कामाला जायचं होतं, वर्षभरासाठी, आणि कॅमेरा त्याचाच. म्हणजे आज शेवट नाही घेतला तर सिनेमाला शेवट नाही, आणि शेवट नसलेला सिनेमा म्हणजे नुसती वाट बघणारी बाई. दाढीवालाच म्हणाला, "चेहरा कशाला पाहिजे? पाठ आणि हात घेऊ. स्वेटर तोच घालू. तुझ्या ताईला उभं कर." मी म्हटलं, "येडा आहेस का? घरची माणसं कॅमेऱ्यापुढे लाकूड होतात." तो म्हणाला, "तुला इस्त्री करणारी बाई पाहिजे का इस्त्री करण्याचा अभिनय करणारी?"

मी चौक ओलांडून, जिना चढून खोलीत शिरलो तेव्हा ताई आधीच येऊन बसली होती. अंगात नटीचा तो तपकिरी स्वेटर, कोपराला रफू केलेला, आणि चिमणीशी तिचं रफूवरूनच चाललेलं. "हे कुणी केलंय गं? आंधळ्यानं?" चिमणी म्हणाली, "मी केलंय, आत्या." "मग बरं केलंयस," ताई म्हणाली. मला बघून म्हणाली, "काय करायचं रे मी?" मी म्हटलं, "काही नाही. फोन ठेवायचा, टेबलाशी जायचं, शर्ट इस्त्री करायचा. कॅमेरा मागे आहे, तिकडे बघायचं नाही." "आणि बोलायचं?" "काही नाही." "मग बरंय. कुणाचा शर्ट?" "भावाचा." "कुठंय तो?" मी दाढीवाल्याकडे बघितलं. त्यानं मान हलवली, सांगू नको म्हणून. तिनं सिनेमा ऐकला होता, मीच वाचून दाखवला होता स्वयंपाकघरात, पण शेवटचं पान आलं तसं नेहमीसारखं "बस्स, जेव आता" झालं होतं. तिला माहीत नव्हतं फोनवर काय आहे. मी म्हटलं, "लांब आहे." खोटं नव्हतं ते.

दुपारचं ऊन खिडकीतून आत आलं होतं, टेबलावर बरोबर एक चौकोन. आवाजवाल्यानं काठीवरचा माईक तिच्या डोक्यावर धरला. चिमणीनं पाटी वाजवली, आणि ॲक्शन मी म्हणालो. ते मला जमतं, त्यात काय, पुढे ढकलायचंच असतं. ताईनं फोन ठेवला. नटी तालमीत ठेवताना हात थरथरवायची, सुंदर थरथरवायची. ताईनं फोन ठेवला आणि त्याची वायर सरळ केली. मला पहिला धक्का तिथं बसला. बातमी काहीही असो, वायर गुंतलेली चालत नाही, हे मी लिहिलं नव्हतं, ते मला सुचलंच नसतं. मग ती टेबलाशी गेली, शर्ट उचलला, झटकला, आणि थांबली. तिचे खांदे थांबले. मला कळेना काय झालं, आणि मग कळलं. शर्ट माझा होता. आमच्या सिनेमात कपडेपट कुठला, जो तो घरून आणतो. भावाचा शर्ट पाहिजे म्हणून सकाळी मीच खुंटीवरचा काढून पिशवीत घातला होता. निळा, डाव्या खिशाला शाईचा डाग. तो डाग ताईनं कितीदा घासला होता. अख्ख्या दिवसात माझ्या डोक्यात हे आलं नाही. तिनं डागावर अंगठा ठेवला. मोठ्यानं नाही, शर्टाला विचारल्यासारखं म्हणाली, "हा यायचा नाही ना आता?"

माईकची काठी हवेत तशीच. हे वाक्य लिहिलेलं नव्हतं. ती तिच्या त्याच मापं सांगायच्या सुरात म्हणाली, आणि नंतर गप्प राहिली, जशी नेहमी राहायची माझ्या वाक्याची वाट बघत. ती जागा मी ओळखली. अख्खं तरुणपण मी त्या जागेत बोललोय. जीभ टाळूला लागली माझी, म्हणावं वाटलं, ताई, मी इथंच आहे, तुझ्या मागे, चार पावलांवर. नट असतो तर बोललो असतो. पण मी मेलेला होतो. पहिल्यांदाच, तिच्या समोर, घरच्यासारख्या खोलीत, तिच्या इस्त्रीच्या टेबलाशी मी मेलेला होतो, आणि मेलेल्यानं उत्तर द्यायचं नसतं. मी श्वास बारीक केला.

मला वाटलं ही आता जाणार. बूट शोधणार आणि निघून जाणार, सिनेमा गेला खड्ड्यात. चिमणी माझ्या खांद्याकडे बघत होती. मी खांदा दगडासारखा ठेवला. ताईनं बोट ओलं करून इस्त्रीला लावलं, चर्र झालं. आधी कॉलर, आतल्या बाजूनं, मग बाहेरून. मग खांदा. बाही पसरून तिच्या शिवणीवर शिवण बसवली, आणि हातानं सपाट केली, इस्त्री नंतर, आधी हात. त्या हाताकडे मी बघत होतो आणि मला वाटत होतं मी हे पहिल्यांदा बघतोय. जन्मभर समोर उभा राहून मी माझी वाक्यं म्हटली, भाव दिले, आणि हे समोर चाललेलं होतं तेव्हा मी कागदाकडे बघत होतो. वाफ उन्हाच्या चौकोनात वर चढत होती आणि तिच्यात शर्ट माणसासारखा हळूहळू सरळ होत होता. छाती आली. पाठ आली. असं वाटलं की आणखी थोडा वेळ ती अशीच करत राहिली तर आत कुणीतरी भरेल. मी देवाचं फारसं करत नाही, पण हात जोडावेसे वाटले, कुणाला ते माहीत नाही. दाढीवाल्याचा डोळा कॅमेऱ्याला लागलेला, आणि दाढीतून पाणी खाली चाललेलं, पुसायला हात मोकळा नाही.

शर्ट झाला. तिनं घडी घातली, खिसा वर, डाग दिसेल असा. त्यावर हात ठेवला. हा माझा शेवट होता, लिहिला होता तसाच. पण तिनं घडी उलगडली, शर्ट परत पसरला, आणि परत कॉलरपासून सुरू केलं. काही चुकलंय म्हणून नाही. आणि तेव्हा मला समजलं की ती गेली नाहीये, जाणारही नाहीये, ती करत राहील, ऊन गेलं तरी, हात भाजला तरी, कारण तिला थांब म्हणणारं कुणी नाही. मला होतं. मला कायम होतं. प्रत्येक मरणाच्या आधी तिनं मला थांबवलं होतं, आणि सेटवर मास्तरांच्या, ह्याच्या, त्याच्या तोंडाकडे मी ज्याची वाट बघत पडून राहायचो, तो शब्द मुळात तिचाच होता. तो म्हणायचा हक्क ज्या कुणाचा आहे असं वाटायचं आणि जो खोलीत कुठेतरी आहे असं वाटायचं, ती पाठमोरी माझ्यासमोर उभी होती, तपकिरी स्वेटर घालून, आणि माझी वाट बघत होती. शेवटच्या पानावर ती उभी होती एकटी, आणि पान उलटं घालायला मी पाहिजे होतो.

चिमणीनं तोंड उघडलं. मी हातानं तिला गप्प केलं. आवाज आला तो माझाच मला ओळखू आला नाही.

"बस्स, ताई," मी म्हणालो. "जेव आता."

तिनं इस्त्री उभी करून ठेवली. लगेच वळली नाही. शर्टाची बाही एकदा नीट केली, मग वळली, आणि सगळ्या माणसांना, कॅमेऱ्याला, माईकला ओलांडून माझ्याकडे बघितलं. चेहरा घामानं चमकत होता. "मेला होय रे तो?"

"सिनेमात, ताई."

"सिनेमातच म्हणतेय मी," ती म्हणाली. मग स्वेटरच्या बाहीनं कपाळ पुसलं, टेबलावरचा शर्ट उचलला आणि माझ्याकडे फेकला. तो अजून गरम होता. "घाल अंगात. गार व्हायच्या आत."

मी सगळ्यांच्या देखत अंगातला काढला आणि तो घातला.